आत्या, तुमच्या वहीतल्या एका शब्दाबद्दल

आत्या, तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या मृत्यूचा दाखला डॉक्टरांना परत केला.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसतात तेच डॉक्टर. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडल्याने. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "दिल तो सबका रुकता है, डॉक्टर साहब. क्यों रुका, वह लिखिए." ते म्हणाले, असंच लिहायची पद्धत आहे, हे कोण वाचतंय. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी त्यांनी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं की बावीस वर्षांच्या मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यातून मृत्यू आला. मी तो तिथेच उभी राहून दोनदा वाचला. सुतकात सून डॉक्टरशी हुज्जत घालून आली म्हणून सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं नाही. हृदय थांबणं म्हणजेच मरण, मग मरणाचं कारण मरण असं कसं लिहिता, असं तुम्ही दुसऱ्यांचे दाखले बघून कितीदा चिडला होतात. तुमच्या स्वतःच्या दाखल्यावर ती चूक राहू देणं मला जमलं नसतं.

मला आल्याआल्या तुमची भीती वाटली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी साताऱ्याची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, एक्क्याण्णव साली लग्न होऊन काशीला आले. श्रीधर बँकेत होता. सासरे आधीच गेलेले. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्या घरात खाली सासूबाई, श्रीधर आणि मी; आणि तो अंधारा जिना चढून गेलं की तुम्ही, सासऱ्यांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, मुलींच्या इंटर कॉलेजात तीस वर्षं जीवविज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. खाली मला सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की वन्सं जरा तऱ्हेवाईक आहेत, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला वर बोलावलंत, हातात पेन दिलंत आणि म्हणालात, अक्षर दाखव. मी 'श्री' लिहिलं. तुम्ही म्हणालात, "श्री नको. प्लीहा लिही."

मला प्लीहा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्या डाव्या बरगड्यांखाली दोन बोटं टेकवलीत आणि म्हणालात, इथे असते, तुझ्याजवळ तेवीस वर्षं आहे, ओळख करून घे.

त्या दिवसापासून मी तुमची लेखनिक झाले. लाल कापडी बांधणीची ती जाड वही, डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. मराठी आपल्या चार घरांतल्या म्हाताऱ्यांसाठी, हिंदी गल्लीसाठी, आणि आपलीच पोरं आता घरातसुद्धा हिंदी बोलतात म्हणून त्यांच्यासाठीही हिंदी. रविवारी दुपारी बायका वर यायच्या. कोणाच्या हातात दवाखान्याची चिठ्ठी, कोणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी लिहून दिलेलं असायचं आणि त्या बाईला घरी कोणी काही सांगितलेलं नसायचं. तुम्ही चष्मा वर सारून चिठ्ठी वाचायचात आणि तो शब्द वहीत आहे का ते मला बघायला सांगायचात. नसला तर तिथेच व्याख्या करायला बसायचात. ती वस्तू काय आहे, शरीरात कुठे आहे, काय काम करते, बिघडली तर काय होतं. एवढंच लिहायचं. कोणाची चूक ते लिहायचं नाही, देवाची इच्छा लिहायची नाही, बिचारी लिहायचं नाही. मग ती व्याख्या भांडी घासायला येणाऱ्या रामरतीला वाचून दाखवायची. ती म्हणायची, "बहिनजी, कुछ समझ में ना आयल." की पान फाडायचं. एकदा 'रक्तदाब' या शब्दाची नऊ पानं फाडली तुम्ही.

तुमच्याशी वाद घालायला मी तिथेच शिकले. माहेरी मी कधी कोणाला उलटून बोलले नव्हते. तुम्ही 'अपरा' सांगितलं की मी म्हणायचे, साताऱ्यात सुईण 'वार' म्हणते. तुम्ही 'दृष्टिपटल' सांगितलं की मी म्हणायचे, नुसतं 'डोळ्यातला पडदा' लिहा. तुम्ही ऐकायचा नाहीत. काळजावरून तर आपण दोन दिवस भांडलो होतो. तुमचं म्हणणं, काळीज म्हणजे यकृत, खाटकाकडे जाऊन विचार. मी म्हटलं, मग भीतीने धडधडतं ते काय, यकृत? तुम्ही म्हणालात, मराठीने दोन अवयवांची सरमिसळ केली म्हणून मी वहीत करणार नाही. तो शब्द वहीत अजून कोराच आहे. मी तिथे काही लिहिणार नाही, कारण मला माझंच खरं वाटतं आणि तुमच्यामागे ते लिहिणं लबाडी होईल.

ही वही का सुरू केलीत ते तुम्ही एकदाच सांगितलंत. हिवाळ्यातली दुपार होती, गच्चीवर उन्हात बसून आपण मटार सोलत होतो. तुम्ही सोळा वर्षांच्या असताना तुमच्या आईच्या छातीत गाठ झाली. तिने ती दीड वर्ष कोणाला दाखवली नाही, कारण सांगायचं तर त्या जागेचं नाव घ्यावं लागलं असतं आणि ते नाव घरात कोणी घेत नसे. ती 'मला बरं वाटत नाही' एवढंच म्हणत राहिली. तुम्ही हे सांगताना शेंगा सोलायच्या थांबला नाहीत. म्हणालात, वहीतला पहिला शब्द बघितलास ना, स्तन. कॉलेजातही प्रजननाचा धडा गाळा असं वरून सांगण्यात आलं होतं, पालक तक्रारी घेऊन आले होते, आणि तुम्ही तो धडा दर वर्षी जुलैमध्ये, सगळ्यांत आधी शिकवलात. वर्षाच्या शेवटी वेळ उरला नाही असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून.

आता तो शब्द, आत्या. त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि मूल नव्हतं. मी सोळा सोमवार केले, गुरुवार केले. भाद्रपदात सासूबाईंनी आम्हा दोघांना, मुलासाठी जोडपी बुडी मारतात त्या लोलार्क कुंडावर नेलं. त्या उंच अरुंद पायऱ्यांवरून, त्या गर्दीत, श्रीधरचा हात धरून मी तीन बुड्या मारल्या, ओले कपडे तिथेच सोडले, एक फळ खायचं सोडून दिलं. दवाखान्यात मात्र मी एकटी जात होते. दोनदा पिशवी साफ केली. नळ्यांचा एक्स-रे काढला तेव्हा मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं दुखली. सगळं ठीक, असं प्रत्येक वेळी डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि पुढची तपासणी लिहून द्यायच्या. मी कुंडावरून आले ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिथेसुद्धा दोघांना बुडवतात. दवाखान्यात एकटीलाच का?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईंनी माझी ओटी भरता भरता हात मागे घेतला आणि सासूबाईंना हळूच म्हणाल्या की शुभकार्याच्या घरी वांझेचा हात नको म्हणतात. हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. मी वर आले. तुम्ही वही उघडलीत, कोरं पान काढलंत आणि म्हणालात, लिही: वंध्यत्व.

ती व्याख्या मी माझ्या हाताने लिहिली. सबंध एक वर्ष एकत्र राहूनही जोडप्याला गर्भ न राहणं. कारण पुरुषात असू शकतं, स्त्रीत असू शकतं, दोघांत असू शकतं. कधी सापडतही नाही. हा शब्द जोडप्याला लागतो, एकट्या बाईला लागत नाही. शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला आणि मी म्हटलं, हे व्याख्येत बसत नाही, हे तुमचं मत आहे. तुम्ही म्हणालात, पहिल्या ओळीत 'जोडप्याला' लिहिलंस तेव्हाच ते सिद्ध झालं, आता नुसतं मोठ्याने म्हणतोय. रामरतीला वाचून दाखवलं. तिने विचारलं की हे तिच्या धाकट्या सुनेसाठी एका कागदावर लिहून मिळेल का.

श्रीधरला तुम्हीच तयार केलंत. तो तुमच्याकडेच अभ्यास करत वाढलेला, आईपेक्षा तुमच्या अंगाखांद्यावर जास्त. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात की तुझ्या तपासणीला सुई नाही, कापाकापी नाही, आणि तेवढी सोडून बाकी सगळी तपासणी तुझ्या बायकोची झाली. तो आठ दिवस चिडला, मग लंका मोहल्ल्यातल्या पॅथॉलॉजीत जाऊन आला. तुम्ही दीड महिन्याने त्याला पुन्हा पाठवलंत, एका चाचणीवर निकाल द्यायचा नाही म्हणून. दोन्ही कागदांवर तेच. वीर्यात शुक्राणू नाहीत. पुढे मोठ्या दवाखान्यातही दाखवलं, इलाज नव्हता. वहीत तुम्ही लिहून घेतलंत: अशुक्राणुता. आणि खाली, याचा पुरुषत्वाशी संबंध नाही. ती ओळ श्रीधरने वाचली आणि तो तुमच्या पलंगाच्या कडेवर बसून रडला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

कोणाला सांगायचं नाही, हे मी म्हटलं. त्याने मागितलं नव्हतं, मीच म्हटलं. लोक मला म्हणतात ते म्हणू देत, मला सवय आहे. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी वहीत काही चुकीचं लिहिलं आहे. पण तुम्ही शब्द दिलात. तो माझा नवरा होता आणि फार चांगला माणूस होता. हिवाळ्यात सकाळी घाटावरून येताना मातीच्या कुल्हडात दुधाच्या फेसाची मलइयो घेऊन यायचा आणि आधी माझ्या हातात ठेवायचा. मला वाटलं, एवढं मी त्याच्यासाठी पेलू शकेन.

दोन वर्षं पेललं. मग मंजूचं डोहाळजेवण आलं. मंजू सासूबाईंची भाची, तिचं माहेर लांब म्हणून डोहाळे आपल्याच घरी. मी आदल्या दिवसापासून राबले, करंज्या केल्या, झोपाळ्याला झेंडू लावले. बायका यायला लागल्या तसं सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचाही चेहरा पडला होता, ते मी विसरत नाही. म्हणाल्या, "तू जरा वर वन्संजवळ बस. लोक बोलतात गं." मी तुमचं ताट घेऊन वर आले. तुम्ही विचारलंत, खाली ओवाळणी चाललीय आणि तू इथे कशी? मी खोटं बोलायला हवं होतं. मला तेवढं सुचलं नाही.

तुम्ही ताट बाजूला ठेवलंत, पलंगाखालची पेटी ओढलीत, त्यातून कागद काढलात. मी जिन्यात तुमचा पदर धरला होता, आठवतं? तुम्ही तो सोडवून घेतलात. खाली पंधरा-वीस बायका होत्या. तुम्ही झोपाळ्याशेजारी उभ्या राहून, वर्गात बोलायचात त्याच आवाजात, सांगितलंत की या घरात मूल नाही त्याचं कारण वसुधात नाही, माझ्या भाच्यात आहे, त्याच्या वीर्यात शुक्राणू नाहीत, हा रिपोर्ट, कोणाला वाचायचा असेल तर वाचा. आणि मग मला हाताला धरून मंजूसमोर नेलंत आणि म्हणालात, ओवाळ.

मी ओवाळलं. मंजू खाली मान घालून बसली होती आणि तिने आपल्या पायाने माझा पाय हळूच दाबला. पोरगी चांगली आहे.

दाराशी श्रीधर उभा होता. बर्फाची लादी आणायला गेलेला, ती खांद्यावर घेऊन परत आलेला.

त्या संध्याकाळी मी वर येऊन तुम्हाला म्हटलं, "तो शब्द तुमचा नव्हता, आत्या. त्याचा होता. तुम्ही विचारायला हवं होतं." तुम्ही म्हणालात, "आणि तुला म्हणत होते तो शब्द कोणाचा होता? कोणी विचारलं होतं तुला?"

तुमचं म्हणणं खरं होतं. तरी मी बरोबर होते. तुम्ही मला इतक्या वर्षांच्या ओझ्यातून एका मिनिटात मोकळं केलंत. त्या रात्री मी सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले, आणि सकाळी उठल्यावर मला त्या झोपेची लाज वाटली, कारण श्रीधर घरात नव्हता. तो दहा दिवस बँकेतल्या मित्राकडे राहिला. बँकेत त्याच्या टेबलावर कोणीतरी कागदात गुंडाळून खेळण्यातला खुळखुळा ठेवला होता. हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं, तुम्हाला कधीच नाही. मी सांगते आहे, कारण तुम्ही जे केलंत त्याच्या सगळ्या बाजू तुम्हाला माहीत असायला हव्यात. व्याख्येत अर्धवट लिहायचं नाही, हा नियम तुमचाच.

आठ महिने मी जिना चढले नाही. ताट रामरतीबरोबर पाठवत होते. रविवारी वर बायकांची चाहूल लागायची, तुमचा आवाज यायचा, आणि मी खाली तांदूळ निवडत बसायचे. गंमत अशी की त्याच काळात गल्लीतल्या बायका मला वेगळ्या तऱ्हेने बोलवायला लागल्या. एकीने दारात थांबवून हळू आवाजात विचारलं की तपासणी कुठे करतात, तिच्या मुलीच्या नवऱ्यासाठी. मी पत्ता दिला. मग आणखी दोघी आल्या. तुमच्यावर रागावलेली असताना मी तुमचंच काम करत होते. तुम्हाला ते कळलं असणार, रामरतीच्या पोटात काही राहत नाही.

तिनेच एक दिवस खाली येऊन सांगितलं, बहिनजींना आता अक्षर दिसत नाही. मी वर आले तर तुम्ही खिडकीशी भिंग घेऊन बसल्या होतात. माझी पावलं ऐकून मान वळवलीत आणि आठ महिने मधे गेलेच नाहीत अशा आवाजात म्हणालात, "तू म्हणत होतीस ते खरं. पडदाच बरा. डॉक्टर सांगत होता पडद्यात रक्त उतरलंय, ते मला लगेच समजलं." मी वही घेतली, 'दृष्टिपटल' पुढे 'डोळ्यातला पडदा' लिहिलं आणि खाली बसून तुम्हाला पहिल्या पानापासून वाचून दाखवायला लागले. आपण त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो ते फक्त एकदा. तुम्ही म्हणालात, मी परत तसंच करीन. मी म्हटलं, आणि मी परत तशीच रागावेन. तुम्ही हसलात आणि इन्सुलिनची वेळ झाली म्हणून दंड पुढे केलात.

श्रीधर वर येत नव्हता. औषधं आणायचा, वीजबिल भरायचा, पण सगळं माझ्या हातून. तीन वर्षं तो तुमच्याशी कामापुरतंसुद्धा नीट बोलला नाही. या पावसाळ्यानंतर तुमचे पाय सुजले, ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा त्यानेच तुम्हाला पाठीवर घेऊन जिना उतरवला. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं, इंग्रजीत सगळं सांगितलं आणि पेशंटला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, सांगू नका, हाय खातील. मलाही, आत्या, खरं सांगते, मलाही धीर होत नव्हता. तुमच्या वहीतले शेकडो शब्द मी लिहिले होते आणि हा एक मला तोंडातून काढता येईना.

श्रीधर तुमच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला. तुम्हाला तो नीट दिसतही नव्हता, तुम्ही आवाजाच्या दिशेने तोंड केलंत.

तो म्हणाला, "आत्या, तू माझं न विचारता सांगितलंस. मी तुला विचारतो. सांगू?"

इतक्या वर्षांत मी तुम्हाला शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "विचारलंस, बरं केलंस. सांग."

त्याने सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. यंत्रावर रक्त धुतलं तर काही महिने मिळतील, त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा इथे यावं लागेल. नाही केलं तर काही आठवडे. तो न अडखळता बोलला, सोप्या मराठीत, एकही शब्द इंग्रजी न घेता. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला कळलं की हा तुमचा सगळ्यांत चांगला विद्यार्थी आहे. तुम्ही विचारलंत, क्रिएटिनीन किती? त्याला माहीत नव्हतं. तो उठून केसपेपर बघायला गेला. तो गेल्यावर तुम्ही माझा हात चाचपलात. माफी मागाल असं मला वाटलं होतं. तुम्ही मागितली नाहीत, आणि आता विचार करते तर ती मागायची होती ती माझी नव्हतीच, त्याची होती.

तुम्ही मशीन नको म्हणालात. घरी यायचं म्हणालात. त्यावरही श्रीधर तुमच्याशी तासभर भांडला, आणि मला ते ऐकताना इतकं बरं वाटलं, कारण तीन वर्षांनी तुमच्या दोघांचे आवाज एका खोलीत होते. तो हरला. पाच आठवडे तो रोज संध्याकाळी बँकेतून सरळ वर जायचा आणि तुम्हाला वही वाचून दाखवायचा. वंध्यत्वाचं पान आलं त्या दिवशी मी जिन्यात उभी होते. त्याने तो शब्द वाचला, व्याख्या शेवटपर्यंत वाचली, पान उलटलं आणि पुढचा शब्द वाचला.

तुम्ही गेलात ती दुपार होती, रामरती पाय चेपत होती, मी नाडी धरून बसले होते. नाडी कशी बघायची ते तुम्हीच शिकवलेलं. ती थांबली हे मला रामरतीच्या आधी कळलं. मणिकर्णिकेवर आपल्याकडच्या बायका जात नाहीत, मी गेले. गुरुजी काहीतरी म्हणायला लागले, श्रीधरने त्यांना हात केला आणि माझ्यासाठी नावेत जागा केली. अग्नी त्याने दिला. मी शेवटपर्यंत थांबले. मला वाटलं होतं मला बघवणार नाही. बघवलं.

काल तेरावा झाला. पंगत बसली होती, बाहेरगावचेही लोक होते. श्रीधर स्वतः भात वाढत होता. इंदूरहून आलेल्या एक चुलत सासूबाई, वयाने मोठ्या, मनाने वाईट नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाल्या की वसुधाने वन्संची इतकी सेवा केली, आता तरी तिची कूस उजवू दे, तिच्यात काय दोष असेल तो या पुण्याईने जाऊ दे. खोलीतल्या ज्यांना माहीत होतं त्यांनी पानात बघायला सुरुवात केली. सासूबाईंनी पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मी तोंड उघडणार होते. आता गप्प बसायची माझी तयारी नव्हती, तेरावा असो की काही असो.

श्रीधर त्यांच्या पानासमोर वाकलेला होता. तो तसाच वाकून, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काकू, वसुधात दोष नाही. मला शुक्राणू नाहीत. मूल माझ्यामुळे नाही." मग त्याने विचारलं, "भात वाढू अजून?"

काकूंनी मान हलवली. त्याने भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेला. सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, तू पण बसून घे आता, सकाळपासून उभी आहेस.

आत्या, तीन वर्षांपूर्वी तुम्ही त्याला विचारायला हवं होतं. हे मी आजही म्हणते, आणि तुम्ही आजही ऐकणार नाही. वरची खोली झाडून ठेवली आहे, रविवारी बायका येणार आहेत, मीच बोलावलं आहे. पण काल पंगत उठल्यावर माझे पाय आपसूक जिन्याकडे वळले आणि मी चार पायऱ्या चढलेसुद्धा. तुम्ही वर असता तर मी धावत येऊन आधी तुम्हाला हे सांगितलं असतं, त्याचं प्रत्येक वाक्य, त्याचा आवाज, त्या काकूंचा चेहरा. तुम्ही मला दोनदा सांगायला लावलं असतंत. आणि मग आपण भांडलो असतो.